एकसारखे दोन पायजमे

प्रिय,

यापुढे काय लिहावं, यातच माझी रविवारची अर्धी सकाळ गेली. तुला नावाने हाक मारायची आपल्यात कधी वेळच आली नाही. फाटकापाशी दोन मिनिटं भेटायचं, मी माझ्या लेकीची, खारूची पिशवी द्यायची, तू घ्यायची, की संपलं. शेवटी नात्याचाच आधार घेतला. तिच्या बाबाने तुझ्याशी लग्न केलं तेव्हा तुला काय म्हणायचं, हा तिच्यापुढे प्रश्नच होता, आणि मावशी हा शब्द तिने स्वतःच शोधून काढला. म्हणजे नात्याने तू माझी बहीण लागतेस. वयाने धाकटी, म्हणून सरळ तू म्हणते आहे, राग मानू नकोस. माय मरो पण मावशी जगो, असं म्हणतात ना? तिच्या तोंडून पहिल्यांदा मावशी ऐकलं तेव्हा मला ही म्हण आठवली, आणि ज्या कोणी ती केली त्याला मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. आता हसू येतं. थोडंसंच, पण येतं.

येत्या शनिवारी खारू शिबिराला निघेल. दहा दिवस तळ्याकाठी, एकेका तंबूत सहा मुली. ठरल्याप्रमाणे सुट्टीचा पहिला महिना तुमच्याकडचा, तेव्हा बॅग भरायची तीही तुमच्याच घरी. बुधवारी शिबिराचा फॉर्म माझ्या सहीसाठी आला, त्यावर अक्षर तुझं होतं. दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून औषधं देणाऱ्या बाईचं अक्षर इतकं वळणदार कसं राहिलं, देव जाणे. उंची, वजन, चष्म्याचा नंबर, पोहता येतं की नाही, सगळं बरोबर लिहिलं होतंस. सगळ्यात खाली एक रकाना होता, मुलीबद्दल आणखी काही सांगायचं आहे का. तिथे तू लिहिलंस, काही नाही. मी सही करून पाठवून दिला. या पत्रात मला त्या दोन शब्दांबद्दलच बोलायचं आहे, कारण त्यात खारूचं नुकसान आहे. पण तिथवर यायला मला जरा वेळ लागेल, सांभाळून घे.

खरं सांगू? बॅग मीही भरली. मला कोणी सांगितलं नव्हतं. शिबिराची यादी फ्रिजच्या दारावर चिकटवली आणि रोज कामावरून आले की एकेक वस्तू तिच्या पलंगावर मांडत गेले. टॉर्च, शिट्टी, रबरी चपला, दोन स्वेटर, कान झाकणारी टोपी. तुझ्याकडे हे सगळं आधीच झालं असणार, हे मला कळत होतं. तिला तुमच्याकडे जाऊन आठ दिवस झाले. तिचा दात घासायचा ब्रश इथेच आहे, कारण तुमच्याकडे तिचा वेगळा आहे, आणि तो मी रोज उगाचच सरळ करून ठेवते. जेवताना रेडिओ लावते, पण तो काय बोलतो ते ऐकत नाही. ताट एकच असतं, तरी ते घासायचा कंटाळा येतो. शेजारीण जिन्यात भेटली की म्हणते, काय मग, आता आरामच असेल. मी म्हणते, हो ना, आरामच आराम.

माझं काम तुला माहीत आहेच, हॉटेलच्या धुलाईखान्यात मी चादरी तपासते. चौदा वर्षं झाली. डाग चहाचा की शाईचा की औषधाचा, हे मला लांबूनही सांगता येतं. आमच्या चादरी दुसऱ्या हॉटेलांच्या चादरींत मिसळू नयेत म्हणून आम्ही प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घालतो. हाताला सवयच लागली, म्हणून खारूच्या रुमालापासून रेनकोटापर्यंत सगळ्या कपड्यांना आतून असा टाका असतो. हे काय आहे, असं तू एकदा तिच्या बाबाला विचारलं होतंस म्हणे, आणि तो म्हणाला, तो तिच्या आईचा शिक्का. बरोबरच बोलला.

तर अशा बाईपासून चादर लपवणं सोपं नाही. आम्ही वेगळे झालो त्यानंतर तीनेक महिन्यांनी, एका सकाळी, खारूच्या कपाटात खेळण्यांच्या मागे मला घडी घातलेली ओली चादर सापडली. तिला खारूताई हे नाव उगीच नाही पडलं, हाताला लागेल ते दडवून ठेवायची तिची जुनी खोड. ती झोपेत अंथरूण ओलं करते. मध्ये सगळं बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालं. नऊ वर्षांची घोडी झाली तरी आठवड्यातून दोन-तीनदा होतंच. डॉक्टर म्हणाले, आपोआप जाईल, फक्त रागावू नका. मी कधी रागावले नाही. पण तिने माझ्याकडून वचन घेतलं, बाबाला सांगायचं नाही आणि मावशीला तर मुळीच नाही. बाबाचं कारण मला ठाऊक आहे. ती पाच वर्षांची असताना त्याने पाहुण्यांसमोर यावरून तिची गंमत केली होती. सगळे हसले, आणि पाहुणे जाईपर्यंत ही पडद्यामागे उभी राहिली. माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आता तुलाही कळलं असेल. तुझं कारण तिने सांगितलं नाही. मला वाटतं, तिला तुझ्या मनात भरायचं आहे.

आता जे सांगते त्याची मला लाज वाटते. तुमच्याकडे असली की ती संध्याकाळी पाचनंतर पाण्याचा थेंब घेत नाही, आणि झोप लागू नये म्हणून स्वतःला चिमटे काढत पडून राहते. तिनेच सांगितलं मला. म्हणून ती दिवसभर पेंगते, चिडचिड करते, तुझ्याशी धड बोलत नाही. मागच्या महिन्यात फाटकापाशी तू मला विचारलंस, मी तिला आवडत नाही का, माझं काही चुकतं का. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, अशा गोष्टींना वेळ लागतो. आणि घरी येताना रस्ताभर मी खुशीत होते. फॉर्मवर काही नाही वाचलं तेव्हाही तसंच झालं. घर गेलं, नवरा गेला, निम्म्या सुट्ट्या गेल्या, पण लेकीची एक गोष्ट अशी होती की ती फक्त मलाच माहीत होती. बुधवार, गुरुवार मी ते कुरवाळत बसले. शुक्रवारी कामावर चादरीची घडी घालताना एकदम डोळ्यांसमोर आलं, तो तंबू, सकाळची वेळ, पाच मुली उठून उभ्या आहेत आणि खारू झोपायच्या पिशवीतून बाहेर यायला तयार नाही. दहा रात्री जागून काढणं तिला जमायचं नाही. फॉर्मवर नव्याने लिहावं, तर तो ऑफिसात चार जण वाचतात आणि त्याची प्रत तिच्या बाबाकडे येते. तिला सोडायला तू जाणार आहेस, मी नाही.

म्हणून वचन मोडते आहे, आणि हे पार्सल तुझ्या घरी न पाठवता दुकानावर पाठवते आहे. औषधं देणाऱ्या माणसाला लोकांच्या गोष्टी पोटात ठेवायची सवय असते, असा माझा समज आहे. यात गडद निळे, एकसारखे दोन पायजमे आहेत. एक ओला झाला तर ती पिशवीतल्या पिशवीत दुसरा चढवील आणि बदलल्याचं कोणाला कळणार नाही. झोपायच्या पिशवीच्या मापाचं रबरी अस्तर मी शिवलं आहे, ते आत बटणांवर बसतं. आवाज करत नाही, मी स्वतः त्यावर झोपून पाहिलं. घट्ट बंद होणाऱ्या काळ्या पिशव्या ओल्या कपड्यांसाठी. तंबू सांभाळणाऱ्या बाईंना एकट्या गाठून सांग, निजानीज झाली की एकदा तिला हळूच उठवा म्हणून. आणि मी सांगितलं हे तिला कधी कळू देऊ नकोस. काही न बोलता हे सगळं तू भरलेल्या बॅगेत ठेवून दे. पहिल्या रात्री तिचा हात लागेल तेव्हा तिला वाटू दे, मावशीला आपलं आपणच कळलं, आणि कळूनही ती काही बोलली नाही. परत आली की ती हे मला सांगेल, आणि मी नवल वाटल्याचं दाखवीन. तेवढं मला जमेल. त्यानंतर ती तुमच्याकडे गाढ झोपायला लागली, तर मला कळवू नकोस. नाही, कळव. आणखी एक राहिलं. पायजम्यांना आतून लाल टाका नाही. सुईत दोरा ओवला होता, पण तो पाहून तिने ओळखलं असतं, म्हणून ठेवून दिला. तुझ्या घरात ज्या रंगाचा दोरा असेल, त्याचा एक टाका तू घाल.

तुझीच,
नात्याने लागणारी थोरली बहीण