फिरता पाट

प्रिय ठमाबाई,

तुझ्या फिरत्या पाटाचा खरा खर्च आज मांडतो: सागाची एक फळी, मोडक्या खुर्चीची फिरकी, तुझ्या आईच्या शिलाई मशीनचं पायडल आणि त्यापायी आईचा दोन महिन्यांचा अबोला. सगळ्यात महाग पडला तो अबोला. पण चित्र काढताना तुझा खांदा हात हलवू देत नाही, तर कागदानेच हाताखाली फिरावं, ही अक्कल माझी, आणि तिचा तोरा मी अजून मिरवतो. सुतारकामाच्या तीस वर्षांत माझ्या हातचं काही डुगडुगलं नाही, हेही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवून झालंय.

इकडे सगळं ठीक. आईने नवं मशीन घेतलंय. मला त्याच्याजवळ फिरकू देत नाही. तिकडे डॉक्टरांनी तुझं मनगट तपासलं आणि त्यांना काही सापडलं नाही, असं मावशीने कळवलं. तरीही तू चित्रांच्या पुढच्या प्रदर्शनाला नाही म्हणालीस, हेही तिनेच सांगितलं.

मागच्या प्रदर्शनात मी खांबाआड उभा होतो. माझे कान किती तिखट, तुला माहीत आहे. तुझ्या निळ्या वर्तुळांपुढे दोघीजणी होत्या. एक म्हणाली, "रेघ कशी जिवंत आहे बघ, शेवटाला थरथरते." दुसरी म्हणाली, "अगं, बिचारीचा हातच थरथरत असणार." मी पहिलं वाक्य तिथेच सोडलं आणि दुसरं घरी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी तू आंघोळीला गेलीस तेव्हा पाट उलटा करून पाहिला. फिरकीचा बोल्ट सैल होता. आवळला. कोणाला बोललो नाही. तीस वर्षांची बढाई अशी एका पान्यापायी कोण घालवतो? त्यानंतर तुझ्या रेघा ताटाच्या कडेसारख्या गुळगुळीत यायला लागल्या. तू आठ कागद फाडायला लावलेस आणि जेवताना म्हणालीस, "बाबा, रेघेत जीवच नाही. आता मनगटही चाललं माझं." मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. चार दिवसांनी तू मावशीकडे गेलीस.

काल बोल्ट अर्धा फेरा सैल केला आणि तुझ्या जागी स्वतः बसलो. माझे दोन्ही खांदे धड, तरी रेघ थरथरली. वीस कागद केले. थरथर प्रत्येकावर आली, चित्र एकावरही आलं नाही. आईने ते कागद निरखून विचारलं, "पेन चालतंय का बघत होतात का?"

तुझ्या मनगटाला काही झालेलं नाही, एवढं सांगायला हे लिहिलं. ये, आणि बोल्ट किती सैल हवा ते सांग. सांगशील तेवढाच फिरवीन. तो पहिल्या दिवसापासून सैल होता. बसवला मीच होता.

तुझाच,
पायडल पळवणारा बाबा