मच्छेतली खोली आणि आमचं आडनाव

शुक्रवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. सोमवारपासून मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला जायचंय, म्हणून खोली बघायला गेलतो. घरमालकीण काकूंनी आडनाव विचारलं. "पाटील" म्हटल्यावर, "मग आपलंच पोरगं की!" म्हणून चहा टाकला. आलं घातलेला, लई झकास. मग म्हणाल्या, "मुसलमानांना मी खोली देत न्हाय बघ. घाण करतात."

आमच्या निपाणीकडं मुसलमान पाटील ढीगभर हाईत, हे ह्यांना कोण सांगणार? मीच सांगितलं. "काकू, मी समीर दस्तगीर पाटील. तुमच्याकडं किती मुसलमान राहून गेले?"

"एकबी न्हाय रं," त्या चाचरल्या. "पण तू तसला वाटत न्हाईस."

तसला म्हंजे कसला? एवढा चांगला चहा करणारी बाई असं कसं बोलते? उठून जावंसं वाटलं. पण बसून राहिलो. म्हटलं, "मग पहिला मीच राहतो, बघा तरी." मालकांना विचारून उद्या सांगते म्हणाल्या.

खोली मिळाली तर पंचाईतच. अम्मीनं शंभरदा सांगूनबी मी घरात कधी केर काढला न्हाय. माझा दोस्त संतोष खोलीत पसारा करतो, तर तो नुसता आळशी. माझ्या झाडूवर मात्र सगळ्या मुसलमानांची अब्रू!