बारा वर्षांचा बागुलबुवा

प्रिय नितेश,

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली, आपल्या किरायदारानं खोल्या सोडाव्यात अशी नोटीस मिळाली. सोबतचा, तुझ्या फ्लॅटांसाठीचा चौदा पानी नमुना करारही मिळाला. ‘ताई, नोटिशीची प्रिंट काढून सही कर आणि गयासुद्दीनच्या हातात दे,’ एवढंच खाली लिहिलं होतंस. ताई कशी आहे हे विचारायला बहुधा पंधरावं पान लागलं असतं. फोनवर तू ऐकत नाहीस, मध्येच ‘हॅलो, हॅलो’ करतोस, म्हणून हे हातानं लिहिते आहे.

आधी तुझ्या कराराबद्दल. अकोल्यात दोन फ्लॅट घेतलेस, रविवारच्या एका शिबिरातून ‘रेंटल इन्व्हेस्टर’ होऊन आलास, याचं मला कौतुक होतं. करार वाचल्यावर ते उरलं नाही. कलम नववं म्हणतं, किरायदारानं कूलर लावू नये, भिंतीला ओल येते. अरे, तू अकोल्यात राहतोस की महाबळेश्वरात? मे महिन्यात तिथं दुपारी कुत्रं सावलीतून हलत नाही आणि तू लोकांचे कूलर बंद करायला निघालास. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवला, सांडपाण्याला नळी लावली, की भिंतीला काही होत नाही. स्टँड मालकानं करून द्यावा. हे मला गयासुद्दीननं शिकवलं. तो आयुष्यभर कूलरच दुरुस्त करत आलाय, आणि त्यालाच तू आपल्या अमरावतीच्या घरातून काढतो आहेस.

शिबिराची टिपणंही तू चुकून सोबत पाठवलीस. ‘समाज पाहून घर द्यावं.’ हे वाक्य तू पेन्सिलीनं अधोरेखित केलंयस. आपल्या बाबांच्या पोटचा मुलगा पैसे भरून हे शिकून आला, याची मला किळस आली. पुढं लिहिलंय, अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही. आपल्या राज्यात तो नोंदवावा लागतो, आणि नाही नोंदवला तर मालकच अडचणीत येतो. तुझ्या त्या गुरुजींना एवढंही ठाऊक नाही. वेगळं मीटर घे, किल्ली देताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेव, पोलीस ठाण्यात माहिती दे, आणि नळ गळतो म्हणून फोन आला तर त्याच आठवड्यात प्लंबर पाठव. चांगलं माणूस टिकलं की अर्धी डोकेदुखी कमी होते. हे कळायला शिबीर लागत नाही.

पण नोटिशीचं खरं कारण वेगळं आहे, आणि ते लिहायची तुझी हिंमत झाली नाही. येत्या चैत्रात गयासुद्दीनला आपल्या मागच्या दोन खोल्यांत बारावं वर्ष लागेल. बाबा म्हणायचे, “बारा वर्सं झाले का किरायदारच मालक होते.” या एका वाक्याच्या भीतीनं आपल्याकडचे किती शहाणे घरमालक अकराव्या वर्षी माणसं हाकलतात. तू एकटा मूर्ख नाहीस, मीही होते. त्याच खोल्यांत आधी मोतीराम शिंपी राहायचा, आठवतो? तू तेव्हा पुण्यात होतास. त्याची अकरा वर्षं भरत आली आणि तो जाईना, तेव्हा ऐन मे महिन्यात मी त्याच्या नळाचा व्हॉल्व्ह बंद केला. चार दिवस. त्याची बायको पार्बताबाई दोन गल्ल्या ओलांडून कळशीनं पाणी आणायची. मोतीराम एकदाच म्हणाला, “बाई, मले तुमचं घर कायले पायजे? नयाचं पानी सोडा, मी जातो.” मी पाणी सोडलं नाही, ते तसेच खोल्या सोडून गेले. त्या काळात मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते.

तुझी नोटीस मी वकिलाला दाखवली. तो हसला. म्हणाला, बाई, जो किराया देतो तो तुमच्या परवानगीनं राहतो, तो बारा काय बावीस वर्षं राहिला तरी मालक होत नाही. त्याच आठवड्यात मी भातकुलीला, मोतीरामच्या गावी गेले. मोतीराम वारला, त्याला तीन वर्षं झाली. पार्बताबाईला आता नीट दिसत नाही. तिनं मला बसवलं, तांब्याभर पाणी पुढं ठेवलं आणि मग विचारलं, “कोन तुमी?” मी नाव सांगितलं. ती तांब्या उचलून आत गेली. मी बराच वेळ बसले, ती बाहेर आली नाही.

आता गयासुद्दीनची मुलगी अलीझा बारावीला आहे, आणि फेब्रुवारीअखेर खोल्या रिकाम्या करा असं तू म्हणतोस. पोरीनं पेपर लिहायचे की भांडी बांधायची? त्याच्या बायकोला, कुलसुमबीला, मोहल्ल्यातल्या कुणाकडून तरी कुणकुण लागली असावी. परवा ओट्यावर येऊन म्हणाली, “ताई, आमाले घर नाई पायजे तुमचं. पोरीचे पेपर होऊ द्या, मंग जातो.” अकरा वर्षं जी बाई माझ्याशी नजर वर करून बोलली, ती परवा खाली पाहून बोलत होती. तुझ्यामुळे, आणि माझ्या जुन्या पापामुळेही.

म्हणून हे पत्र. घर दोघांच्या नावावर आहे, तुझ्या सहीशिवाय मी काय करणार, असं तू धरून चालला असशील. सात वर्षांपूर्वी घरटॅक्सच्या रांगेत उभं राहायला अकोल्याहून यायचा तुला कंटाळा आला होता, तेव्हा तू मला कुलमुखत्यारपत्र करून दिलंस. न वाचताच सही केली होतीस, नाही का? त्यात घर किरायानं देण्याचा अधिकारही आहे. काल सकाळी मी त्यावर गयासुद्दीनशी तीन वर्षांचा करार केला, रीतसर नोंदवला आणि अलीझाला तिच्या खोलीची नवी किल्ली दिली. मुखत्यारपत्र रद्द करायचं असेल तर खुशाल कर, पण त्यासाठी तुला अमरावतीला यावं लागेल, आणि मागच्या खोल्यांत जाऊन कुलसुमबीच्या हातचा चहा प्यावा लागेल. ती तुला नाही म्हणणार नाही. तू कुठं पाहशील, एवढंच मला बघायचंय.

तुझीच, आणि तूच नेमलेली मुखत्यार,
सत्यभामाताई