कॅप्टनचा उपास अन् माहा कूलर

१२ मे
विशाखापट्टणमवरून दामिनी आली. तिकडं समुद्री वादळ आलं, पोरीच्या घरात कंबरभर पाणी शिरलं. जावई कुणाल चिखल काढून राहिला. आठ दिवसांसाठी आली म्हणते. सोबत म्हातारा कुत्रा, नाव कॅप्टन. आठ दिवसांले दोन पोते सामान? पस्तीस वर्षं पोस्टमास्तर होतो, बाहेरून पार्सल पाहून आतलं सांगतो. शक आहे.

१३ मे
कुत्रा जेवत नाई. दुपारी थरथरते, पलंगाखाली घुसते. दामिनी म्हणते, वादळात रातभर वारा ऐकला, धसका बसला, आता कूलरच्या आवाजानं भेते. म्हणून कूलर बंद करा. सौंसरच्या उन्हात! मे महिन्यात! सगळं समजलं. मायलेकीले एसी पाहिजे, कुत्र्याले पुढं केलं.
संकल्प: कूलर बंद होणार नाई म्हणजे नाई.

१३ मे, दहा मिनिटांनी
बंद केला. बायकोनं, सुमननं, फक्त पाहिलं.

१४ मे
घामानं बनियन पिळलं. तरी दुपारी कशीबशी झोप काढली. कूलर बंद, तरी कुत्रा जेवला नाई. म्हणजे नाटक, पक्कं. सुमन लपूनछपून चारत असन.

१५ मे
जनावरांचे डॉक्टर नितीन येऊन गेले. म्हणाले, कुत्रा म्हातारा आहे, दोन दिवसांत पोटात काही गेलं नाई तर कठीण आहे. दामिनी रडली. म्हणाली, बाबा, घर गेलं, सामान गेलं, हा तरी राहू द्या. मले लई वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं, शक वेगळा.
उद्या पाळत. डोळ्यात तेल घालून.

१६ मे, दुपारी १.३०
खुर्ची सैपाकघराच्या दारात टाकली. झोपायचा प्रश्नच नाई.

४.१०
नजर जराशी इकडंतिकडं गेली असन. कुत्रा अंगणात, कडुलिंबाखाली थरथरत उभा. शेजारचे हिरामणभाऊ कुंपणावरून विचारून राहिले, पोस्टमास्तर, तुमचं वादळ थांबलं का? दामिनीनं मोबाइल पुढं केला. सोळा मिनिटं घोरणं. म्हणे माहं! म्हणे कुत्रा यालेच भेते!
मी घोरत नाई. आजकाल मोबाइलवर कोणाचाही आवाज बनवता येते. हिरामण फितूर आहे.

१७ मे, सकाळी
सबूत मीच गोळा केला. खोलीची कडी आतून लावली, स्वतःचा मोबाइल उशाशी ठेवला, तासभर पडलो. मंग ऐकलं. पहिले वाटलं, गल्लीत ट्रक फसला.
कडी आतूनच होती.

१७ मे, संध्याकाळी
कोणाले काही न सांगता दुपारभर बसस्टँडवर बसलो. नागपूरच्या चार गाड्या गेल्या, छिंदवाड्याच्या तीन. कंडक्टरनं दोनदा विचारलं, काका, जायचं कुठं? मी म्हटलं, पाहून राहिलो.
घरी आलो तर दामिनी दारात. डोळे ओले, पण हसून राहिली. म्हणाली, बाबा, कॅप्टननं सगळी दूधभाकर खाल्ली, ताटली चाटली. मले काय वाटलं, लिहिता येत नाई. मी विचारलं, आत येऊ?
म्हणाली, बसा थोडं बाहेरच. आत्ताच डोळा लागला त्याचा.
ओसरीत बसून लिहून राहिलो. आत कूलर फुल स्पीडवर आहे.