पोलादी भैरूचं कूपन

बेंगळुरू,
ता. ९ जानेवारी २००५

ती. बाबांस व आईस,
अश्विनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी इकडे मजेत आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तुम्ही तयार नाही, म्हणून हे पत्र. आईच्या कुरड्या अर्ध्या ऑफिसानं फस्त केल्या.

बाबा, 'पोलादी भैरू' कॉमिकचा सातवा अंक मिळाला! तोच, १९८२ साली तुम्ही पुलगाव स्टेशनवरून आणलेला. इंटरनेटवर जुन्या वस्तूंचा लिलाव चालतो, तिथं बोली लावून घेतला. हे लोक अंक तपासून त्याला गुण देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून टाकतात. पेटी उघडली की गुण गेले, किंमत गेली. माझ्या अंकाला दहापैकी नऊ आहेत, कारण शेवटच्या पानावरचं कूपन शाबूत आहे! आपल्या अंकाचं ताईनं कापलं होतं. तिला सांगा, तेवीस वर्षं झाली तरी मी विसरलेलो नाही.

ते कूपन आणि बारा रुपये पाठवले की भैरूचा बाहुला घरी यायचा, हातात घण, आणि तो हात वरखाली हलणारा. थोड्याच मुलांना मिळाला, मग कंपनीच बुडाली. असा बाहुला कधी लिलावात निघाला ना, तर मी जीव टाकीन. माझं वेड तुम्हाला हसू आणत असेल. हसा.

तुमच्या मायेवर टिकून असलेला,
अश्विन


पुलगाव,
ता. १८ जानेवारी २००५

चि. सरितास,
अनेक आशीर्वाद. जावईबापूले जयभीम सांगजो.

अश्विनचं पत्र सोबत ठेवलं आहे. वाच, पन आधी हे आयक. कूपन तू कापलं नव्हतं. म्या कापलं होतं.

त्याच्या वाढदिवसाले बाहुला द्याचा म्हणून गुपचूप कापलं अन् बारा रुपयांची मनिऑर्डर केली. चार महिने पोस्टमनले इचारत होतो, काई आलं का म्हणून. काईच आलं नाई. इकडे पोट्टं रडून राह्यलं होतं का ताईनं कूपन कापलं. खरं सांगतलं असतं तर त्याले समजलं असतं का बाहुला येणार होता अन् बापाले आणता आला नाई. म्हणून तुले बोलणी खाऊ देल्ली अन् मी गप्प बसलो. लाज वाटते वं पोरी.

तुह्या नालवाडीत इंटरनेटचं दुकान आहे ना? तिथं पाह्य. बाहुला कुठं हर्रासात निघाला तर मी बोली लावतो. तीस वर्षं मार्केट यार्डात कापसाले ग्रेड देल्ला, हर्रास रोज पाह्यला. कोणाच्या बापाले भेत नाई. अश्विनले मात्र कळू देऊ नको.

तुही माफी मागणारा,
बाबा


नालवाडी, वर्धा,
ता. २२ फेब्रुवारी २००५

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तेवीस वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होते, आज सुटले! रागावले नाही, पण इकडे आलात की एक किलो गोरसपाक बिस्किटं लागतील, तीही तुम्ही स्वतः दुकानातून आणलेली.

बाहुला सापडला. पुण्याचा एक माणूस विकतो आहे. पेटीत बंद, शंभरपैकी पंच्याऐंशी गुण. बोली सहा मार्चपर्यंत चालेल. नेट कॅफेवाली नलू माझी मैत्रीण आहे, तिच्याच नावानं बोली लावू. लिलावात आपलं नाव 'नलू७५' दिसेल. तुम्ही इकडे या, नलूनं तुमच्यासाठी हातवाली खुर्ची काढून ठेवली आहे.

माझी एकच अट. बाहुला मिळाला की अश्विनला सगळं खरं सांगायचं, तुमच्या तोंडानं.

तुमची निर्दोष लेक,
सरिता


बेंगळुरू,
ता. ४ मार्च २००५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

फोनवर सांगितलं असतं तर किंमत ऐकून ओरडली असतीस, म्हणून लिहितो. भैरूचा बाहुला निघालाय! मी 'भैरूभक्त' या नावानं बोली लावतोय. पण कोण हा 'नलू७५' देव जाणे, माझ्या मागे हात धुऊन लागलाय. मी बोली लावली की पाच मिनिटांत त्याची वर. आणि चढवतो किती, तर अकरा रुपये. पुन्हा अकरा. बाबा मला यार्डात शिकवायचे ना, की अकरानं चढव आणि थांबू नको, थांबलास की समोरच्याला दम मिळतो? या नलोबालाही कुणीतरी तेच शिकवलंय. मीही थांबत नाही. बाहुल्याची किंमत आता मोटारसायकलीच्या रस्त्याला लागलीय.

परवा घरीच बसणार आहे. त्याला पाणी पाजल्याशिवाय सोडत नाही. बाबांना यातलं काही सांगू नकोस, वेडा म्हणतील.

तुझा लाडका (कूपन कापलंस तरी),
अश्विन


पुलगाव,
ता. ८ मार्च २००५

चि. सरितास,
आशीर्वाद.

काल घरी पोचलो. तुह्या मायनं डब्यातले पैसे देल्ले होते थे पन पुरले नाई, हे तुले तिथं सांगतलं नाई. तो भैरूभक्त कोण आहे, लय माजोरा मानूस. अकरावर अकरा चढवून राह्यला होता, जसा माह्याच हाताखाली शिकला. त्याले लेकरूबाळ नसन. असतं तर एका बापाचं मन समजलं असतं त्याले.

तुही अट ध्यानात आहे. पन रिकाम्या हातानं पोट्ट्याले काय सांगू? एक खेप तेव्हा हुकली, एक आता. जेवण गोड लागून नाई राह्यलं.

नलूले माहा जयभीम सांगजो. पोरगी गुणाची आहे, खुर्ची चांगली देल्ली.

हरलेला,
बाबा


नालवाडी, वर्धा,
ता. ११ मार्च २००५

भैरूभक्त महाराजांस,
सप्रेम जयभीम!

तुझं पत्र आणि बाबांचं पत्र एकाच दिवशी आलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली आणि इतकी हसले, की शेजारच्या पंचफुलाबाई धावत आल्या. अरे बावळटा, नलू७५ म्हणजे आपले बाबा! त्यांनीच शिकवलेल्या अकरानं तू त्यांनाच हरवलंस.

ते काऊन बोली लावत होते, हे त्यांच्याच अक्षरात वाच. त्यांची दोन्ही पत्रं, जानेवारीतलं आणि आत्ताचं, सोबत पाठवते. शेवटचं वाचून माझं हसू थांबलं, तुझंही थांबेल. फोन करणार होते, पण हे फोनवर सांगायचं नाही, वाचायचं आहे.

माझी माफी वेगळी मागायची. साडी चालेल.

कूपन न कापलेली,
ताई


पुलगाव,
ता. ३० मार्च २००५

चि. अश्विनास,
अनेक आशीर्वाद.

आज पार्सल आलं. पोस्टमननं हाक मारली, बापूराव, बेंगळुरूहून काई आलं! याच दारात त्याच्या आधीच्या पोस्टमनले मी चार महिने इचारत होतो. सही केली, तुही माय पाहून राह्यली होती.

आत तुही चिठ्ठी भेटली. कूपन ज्यानं पाठवलं, माल त्याच्याच पत्त्यावर यायला पायजे, असं लिहिलंस. बाबू, लय रडवलं तू. सरितानं तुले सगळं सांगून टाकलं म्हणून आधी रागावलो, मंग बरं वाटलं. तरी तिची अट आहे, म्हणून माह्या हातानं लिहितो. कूपन म्या कापलं. बाहुला आला नाई. तुले सांगाची हिंमत झाली नाई.

आता दुसरा गुन्हा. पेटी उघडायची नाई, हे तू लिहिलं होतं. पन मी ग्रेडर मानूस. कापूस हातात घेतल्याशिवाय, धागा ओढून पाह्यल्याशिवाय म्या कधी ग्रेड देल्ला नाई. पेटीबाहेरून पाहून पंच्याऐंशी देनारा कोन? पेचकस घेतला अन् उघडली. घण वर जाते, खाली येते, कट्ट वाजते. दुपारपासून शंभर खेपा वाजवला. तुही माय म्हणते, लेकरापरीस बाप लेकरू. पंच्याऐंशी गेले तर जाऊ दे. माहा ग्रेड लिहून घे. सुपर.

चौदा एप्रिलले येजो. रॅली पाहू, मंग बाहुला तुह्या हातात देतो. पन तो सातवा अंक घेऊन येजो. कूपन देल्ल्याशिवाय माल भेटत नाई, असा नियम होता.

वाट पाहणारा,
बाबा


बेंगळुरू,
ता. ५ एप्रिल २००५

ती. बाबांस,
जयभीम.

तेराला पोचतो. अंक आणतोय, पेटीसकट. पेचकस आणि कात्री तुमची. या वेळी कूपन ताईसमोर कापा.

तुमचा,
अश्विन