पोत्यातले बूट परत केल्याबद्दल

तीर्थस्वरूप वन्सं,

गुडघे परवानगी देतात तेवढं वाकून नमस्कार. परवाच्या सभेत तुमचा चेहरा लालबुंद झाला होता, तो एव्हाना मूळ रंगावर आला असेल असं धरून चालते. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेता ना? नातवाचा पहिला दात आला का? घरातल्या सगळ्यांची खुशाली कळवा. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या बंधूंची पाठ धरली आहे, त्याचं कारण पुढे येईल. माझी तब्येत ठणठणीत आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण तुमचे बंधू गेले काही दिवस घरोघर मी आजारी असल्याचं सांगत फिरत होते. तेही पुढे येईल.

समितीने मला माफीनामा लिहायला सांगितला आहे. तुम्ही मला संस्थेत आणलंत, तेव्हा तो तुमच्या नावे असावा, ही सूचना खजिनदारांची. (नणंद-भावजयीची परस्पर जुंपली की समिती चहा पिऊन घरी जायला मोकळी.) तर माफी मागण्यासाठी बसले आहे, पेनात शाई आहे, मन शांत आहे. पण कशाची माफी मागायची हे आधी आपल्या दोघींना कळायला हवं, म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्येच पत्र खाली ठेवू नका.

मी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा तुम्हीच म्हणालात, "अगं, घरात बसून माझ्या भावाला टोचत राहण्यापेक्षा वसतिगृहातल्या मुलांसाठी काहीतरी कर." मला वाटलं, मुलांचा अभ्यास घ्यायला मिळेल, गोष्टी सांगायला मिळतील. समितीने मला कोठीची खोली दिली. लोक मुलांसाठी ज्या वस्तू देतात त्या तिथे येऊन पडतात, त्या मी लावायच्या. वन्सं, तुम्ही उपाध्यक्ष आहात, पण त्या खोलीत तुम्ही कधी पाऊल टाकलेलं नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही, कारण पाऊल टाकायला तिथे जागाच नव्हती. चित्रं आधीच रंगवून झालेल्या रंगवायच्या वह्या होत्या. तारीख उलटलेली खोकल्याची औषधं होती, तीही अर्धी प्यालेली. रद्द झालेल्या अभ्यासक्रमाची पुस्तकं, पाय नसलेला पृथ्वीचा गोल, टिकल्यांनी मढवलेला आणि काखेत उसवलेला पार्टीचा झगा, आणि एक भलामोठा खोका नुसत्या झाकणांचा. (डबे कुठे गेले ते देणाऱ्यालाच ठाऊक. मी विचारायला माणूस पाठवला होता.)

आता माझी सगळी नोकरी पार्सलच्या खिडकीत गेली हे तुम्हाला माहीत आहे. तिथला नियम साधा होता. पार्सल ज्याच्या नावे आलं त्याने घेतलं तर सही घ्यायची, नाही म्हणाला तर पाठवणाऱ्याला परत. त्यात कोणाचा मानापमान नसायचा. कोठीत बसल्यावर मी खोक्यांवरची नावं वाचली. प्रत्येकावर ‘वसतिगृहातील मुलांसाठी’. म्हणजे घेणारी मुलं. मग मी मुलांनाच बोलावलं आणि खोकी त्यांच्यापुढे उघडली. ठेवायचं की परत करायचं, एवढाच प्रश्न. पहिल्या दिवशी कोणी तोंड उघडेना. त्यांना वाटलं, हीही एखादी परीक्षाच आहे आणि बरोबर उत्तर ‘धन्यवाद’ असं आहे. दुसऱ्या दिवशी एकाने तो खोकल्याच्या औषधाचा खोका पायाने हळूच माझ्याकडे सरकवला. त्यानंतर मात्र कोठीत अशी चर्चा चालायची की तुमच्या समितीने येऊन शिकावं. आणि मुलांनी सगळंच नाकारलं असं मुळीच समजू नका. चांगल्या गोधड्या ठेवल्या, सायकलचा पंप ठेवला, पाय नसलेला पृथ्वीचा गोल तर भांडून ठेवला. तो आता एका पातेल्यावर बसवला आहे आणि छान फिरतो.

बाकीचं परत. आणि हो, तुमचंही खोकं परत, हे मी नाकारत नाही. त्यात एक हात नसलेली बाहुली, तुकडे हरवलेलं चित्रकोडं आणि टेबलावरचं ते निळं घड्याळ होतं. वन्सं, ते घड्याळ मी तुम्हाला साठीला दिलं होतं. वरचा कागदही मीच गुंडाळलेला होता, चिकटपट्टीसुद्धा उचकटलेली नव्हती. मी काही मनाला लावून घेतलं नाही. मुलांपुढे ठेवलं, त्यांनी पाहिलं, काटा चालत नाही म्हणाली, आणि नियमाप्रमाणे तुमच्याकडे रवाना केलं. (तेव्हा दुकानात चालत होतं, माझ्यासमोर चालवून दाखवलं होतं. काय दिवे लावले त्या दुकानदाराने!)

परत पोचवण्याचं काम तुमच्या बंधूंनी केलं, स्कूटरवरून. मला वाटलं, माणूस किती निष्ठेने राबतोय. नंतर कळलं की प्रत्येक दारात ते चहा घेत होते आणि सांगत होते की घरी मंडळींची तब्येत बरी नसते, डोक्यावर जरा परिणाम झाला आहे, तुम्ही मनावर घेऊ नका. त्यावर लोकांना इतकी दया यायची की ते त्यांच्या हातात आणखी काहीतरी ठेवायचे. जाताना एक खोकं, येताना दोन! एकदा तर ते माशांची काचेची पेटी घेऊन आले, तडा गेलेली, मासे नसलेली, स्कूटरवर मांडीत धरून. त्यांची पाठ तिथेच धरली. मी शेक दिला, पण आयोडेक्स चोळताना जे बोलायचं ते बोलून घेतलं.

इथवरचं सगळं तुम्ही हसण्यावारी न्याल हे मला माहीत आहे. भावजय आधीपासूनच तिरसट, आता वयाने वाढली, असं म्हणाल. पण बुटांचं तसं नाही, आणि आता मी बुटांवर येते.

आपल्याकडे चौथीत एक मुलगी आहे. सगळे तिला वकीलबाई म्हणतात, कारण ती कुठल्याही प्रश्नाचं उत्तर प्रश्नाने देते. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा अंगठाभर आखूड आहे. हाडांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आहे की डाव्या पायाला मापाचा, उंच तळव्याचा बूट करून घ्या आणि पाय वाढेल तसा बदलत राहा, नाहीतर कंबर आणि पाठ वाकडी होत जाईल. ही गोष्ट मागेच समितीपुढे आली होती. खजिनदार म्हणाले की कोठीत बुटांची पोतीच्या पोती पडली असताना नवीन बूट मंजूर कसा करायचा, लेखापरीक्षक विचारतील. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. पोत्यातला एक जाड तळव्याचा बूट डाव्या पायात, एक पातळ तळव्याचा उजव्या पायात! सगळ्यांनी वा वा केली. तुम्हीही केलीत, वन्सं. मला कळलं आहे.

ते बूट कारखानदारांचे. त्यांच्या कारखान्यात जे बूट बाद होतात (शिवण चुकलेले, तळवा सुटलेला, दोन्ही उजव्या पायाचे), ते पोत्यांत भरून दरवर्षी आपल्याकडे येतात. बरोबर फोटोवाला येतो. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. तर ते दोन वेगळे बूट घालून वकीलबाई शाळेत गेली. तिचा वर्ग वरच्या मजल्यावर. जाड तळवा जिन्यात सुटला आणि ती तोंडावर आपटली. ओठ फाटला, समोरचा दात गेला. तेव्हापासून ती जिना चढत नाही. खाली पहिलीच्या वर्गात बसते, लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन, आणि त्यांच्याबरोबर एक ते शंभर म्हणते. चौथीची मुलगी, वन्सं. भागाकारात बाईंच्या चुका काढणारी. ते पाहून माझं डोकं फिरलं. तुमच्या बंधूंचं सांगणं त्या दिवशी पहिल्यांदा खरं झालं.

मला एक कळलं. ती पोती कोठीत आहेत तोवर तिला बूट मिळणार नाही. कागदावर आपल्या मुलांकडे बूटच बूट आहेत. म्हणून मी टेम्पो बोलावला, पदरमोड करून, आणि सगळी पोती कारखान्याच्या फाटकावर उतरवून आले. वर चिठ्ठी लावली, ‘घेणाऱ्यांनी घेण्यास नकार दिला’. आमच्या खात्यात यापेक्षा सभ्य वाक्य नाही.

दुसऱ्याच दिवशी कारखानदार स्वतः वसतिगृहात हजर. फोटोवाल्याशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं, बुटके वाटले. गरिबांच्या पोरांना कसली आलीय आवडनिवड, असं ते अंगणात उभे राहून ओरडले. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात वकीलबाई लंगडत पुढे आली आणि अगदी शांतपणे तिने विचारलं, "काका, तुमच्या मुलांना यातले कुठले आवडले?" एवढंच. मी तिला पढवलेलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. कारखानदार यंदाची देणगी बंद असं जाहीर करून गाडीत जाऊन बसले.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. त्या देणगीतून कितीतरी मुलांची फी जाते. खजिनदार उगाच घाम पुसत नव्हते, त्यांचीही बाजू आहे. पण सभेत ते मला म्हणाले की धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. मान्य आहे. दात नाही मोजत. पण गाय तरी आली पाहिजे की नाही? इथे नुसतं दावं येतंय, आणि आपण त्याच्यापुढे चारा घालून हात जोडून उभे आहोत! आपण या मुलांना शिकवायचं म्हणतो. मोडकं हातात आलं तर ‘मोडकं आहे’ असं म्हणण्याची ज्यांना बंदी आहे, त्यांना आपण शिकवतो तरी काय?

बुटाचा ठराव मी मांडला. खजिनदार म्हणाले की बूट होते, ते यांनीच परत केले, तेव्हा बूट नसण्याचा दोष यांचा. (अशा माणसाच्या हातात बेरजा आहेत.) मतं घेतली, तर दोन्ही बाजूंना सारखी, तुमचं तेवढं उरलेलं. सगळे तुमच्याकडे बघायला लागले आणि तुमचा हात नेमका त्या वेळी पदर सावरत होता. बराच वेळ सावरत होता. शेवटी सभा तहकूब झाली, सोमवारी पुन्हा भरायची, आणि त्याआधी माझा माफीनामा आला पाहिजे असं ठरलं.

तर वन्सं, मी विचार केला. खोकी परत केली त्याची माफी नाही. कारखानदारांची पोती परत केली त्याची तर अजिबात नाही, पुन्हा आली तर पुन्हा टेम्पो सांगेन. मुलांना विचारलं याबद्दल माफी मागायची असेल तर ज्यांनी आजवर विचारलं नाही त्यांनी मागावी. तुमच्या घड्याळाबद्दल वाईट वाटतं, पण ते मलाच जास्त. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं सासूबाई माझ्याबद्दल म्हणायच्या. त्यांची आठवण म्हणून पीळ जपून ठेवला आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि खजिनदारांना तुम्हाला योग्य वाटेल ते सांगावं.

तुमची, आवडो न आवडो,
एकुलती एक भावजय

ता. क. : तुमच्या बंधूंना हे पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ताईला असं लिहू नकोस, ती मनाने चांगली आहे." मी म्हटलं, म्हणून तर तिलाच लिहिते आहे, खजिनदारांना लिहिलं असतं का?

ता. क. : कोठीत आता काही नाही. केरसुणी मारली तर खिडकी सापडली. त्या खिडकीतून शाळेचा जिना दिसत नाही म्हणून वकीलबाई तिथे येऊन बसते. वरच्या वर्गात काय शिकवलं ते मैत्रिणींकडून ऐकून घेते. काल तिने मला विचारलं की पाठ वाकडी झाल्यावर ती पुन्हा सरळ करतात का. मी उठले आणि बूटवाल्याला निरोप धाडला.

ता. क. : वर लिहिलेलं सगळं खरं आहे आणि ते सगळं मी मागे घेते. सोमवारी तुमचा हात वर झाला, तर मी त्याच सभेत उभी राहून सगळ्यांची माफी मागेन. खजिनदारांची, कारखानदारांची, हवं तर त्यांच्या फोटोवाल्यासमोर. शब्द तुम्ही सांगाल ते, नाक घासायला सांगितलंत तर तेही, तुमचे बंधू मला धरून उठवतील. पण आधी बूट, मग माफी. बूटवाल्याला मी सोमवारी संध्याकाळी माप घ्यायला बोलावलं आहे, ठराव होवो न होवो. एक बूट मी पदरमोड करून करीन, पण दर वाढीला नवा लागणार, ते मला आयुष्यभर झेपायचं नाही. सभा पुढे ढकलू देऊ नका, वन्सं. ती मुलगी वाढते आहे, तिला तहकूब करता येत नाही.