कोपरीच्या खोलीचा ताबा

मी, संघमित्रा रामा तांबे, वय शेहेचाळीस, अविवाहित, राहणार डोंबिवली पूर्व, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. मन स्वस्थ नाही, पण कायद्याची तेवढी अट नसावी.

कारण नोंदवते. बाबांच्या नावाची कोपरीतली भाड्याची खोली ज्या इमारतीत आहे, ती अतिधोकादायक ठरली आहे. तरीही बरेच भाडेकरू घरातलं एक माणूस मागे ठेवून गेले. ताबा सुटला की हक्क सुटला, ही भीती. आमचं मागे राहिलेलं माणूस म्हणजे आई, मीराबाई. मी तिला परोपरीने सांगितलं, "अगं, पालिकेकडून खोलीच्या मोजमापाचा दाखला मिळतो. त्यावर आपला हक्क राहतो."

"कागदाला कुलूप लावता येतं का? आपलं कुणी बसलं तर मी उठते."

आज ती उठली आणि मी बसले. म्हणून हे लिहिणं.

१. डोंबिवलीचा फ्लॅट माझ्या स्वकष्टार्जित कमाईचा आहे. आईने तिथे तहहयात राहावं. तिच्यानंतर तो भाची माया हिचा. आई गॅस बंद करायला विसरते. झोपण्यापूर्वी कुणीतरी रेग्युलेटर बघावा.

२. कोपरीच्या खोलीतला माझा जो काही हक्क असेल, तो भाऊ राजरत्न याला. अट अशी की माझ्यामागे त्याने इथे येऊन बसू नये, आईलाही बसवू नये. कालच म्हणाला, "ताई, मी बसतो. पाहुणा आला तरी तू त्याला आधी बाहेर पडायचा रस्ता दाखवतेस. तुला तिथे झोप लागणारे का?" नाही लागणार. पण त्याच्यामागे दोन मुली आहेत. काय होईल आणि झालं तर किती जणांचं होईल, हे ताडणं माझी नोकरीच आहे. एकाच्या डोक्यावरचा धोका दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला म्हणजे तो कमी होत नाही, हेही मीच शिकवते. तरी बसले.

३. घोडबंदर रोडवरच्या आमच्या कंपनीत आपत्तीची तयारी माझ्याकडे आहे. मॉक ड्रिलच्या दिवशी आमचे वरिष्ठ सुदेश सर हमखास विचारतात, "मॅडम, आज आग किती वाजता लावताय?" सर्व्हर तळघरात ठेवू नका, असं मी लेखी दिलं होतं. पाणी शिरलं, सगळं काम ठप्प झालं. तेव्हा मी "सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. इथे म्हणते. सांगितलं होतं. माझी ड्रिलची शिट्टी त्यांना द्यावी. ढिगाऱ्याखाली ओरडून दम घालवायचा नाही, शिट्टी वाजवायची, एवढं तरी त्यांच्या ध्यानात राहील.

४. पुण्यानुमोदन विहारात करावं. या खोलीत माणसं जमवू नयेत, स्लॅब पेलणार नाही. भेटायला येतील त्यांना खालीच भेटावं.

५. या सगळ्याची व्यवस्था भावजय मेघना पाहील. मूळ प्रत तिच्याकडे, शीळफाट्याच्या घरी राहील. साक्षीदार मुद्दाम दोन वेगळ्या इमारतींतले घेतले आहेत. दोघेही एकाच छताखाली नकोत. सह्याही खाली रस्त्यावर, रिक्षाच्या सीटवर कागद ठेवून करणार आहोत.

६. सही करण्याआधी एक बदल. निकडीची बॅग मी आईला केव्हाच भरून दिली होती: टॉर्च, पाणी, गोळ्या. "उंबऱ्यात अडमडते," म्हणून तिने ती माळ्यावर टाकली. आज निघताना तिने राजरत्नला ती उतरवायला लावली, पदराने पुसली आणि स्वतः दाराजवळ ठेवली. मग मला म्हणाली, "तुझी ती शिट्टी कुठंय? गळ्यात घाल बघू."

घातली आहे.

कलम तीनमधलं शिट्टीचं देणं रद्द समजावं. ती मला लागेल.

सही: संघमित्रा रामा तांबे

हे मृत्युपत्र संघमित्राताईंनी आम्हाला वाचून दाखवलं व आमच्यादेखत सही केली. आम्हीही त्यांच्यादेखत केली.

साक्षीदार:
साईनाथ सावंत, समोरची इमारत, कोपरी
मंजुळा कांबळे, डोंबिवली पूर्व

स्थळ: कोपरी, ठाणे पूर्व, इमारतीबाहेर
दिनांक: १४ जून २०२५